अढीतलं फळ

नाक मोकळं सोडा. भूतकाळात जायला यंत्र लागतं, हा सिनेमावाल्यांनी पसरवलेला गैरसमज आहे. तिथे नाकानेही जाता येतं, आणि तुम्ही बोईसरकर असाल तर तुमचं नाक या कामाला चांगलं तयार झालेलं आहे.

रात्रीचे साडेदहा. जेवणं आटोपली आहेत. आतल्या खोलीत तुमची भाची पलंगावर मांडी ठोकून बसली आहे, उद्या तिचा इंग्रजीचा पेपर. पुस्तकात विल्यम ब्लेकची एक एवढीशी कविता आहे, सगळ्या मिळून सोळा ओळी. नाव ‘अ पॉयझन ट्री’, म्हणजे विषाचं झाड. कवितेतला माणूस मित्रावर चिडतो, तसं त्याला सांगून टाकतो, विषय तिथेच मिटतो. मग तो शत्रूवर चिडतो. त्याला मात्र चकार शब्द बोलत नाही. तो राग तो रोपासारखा जोपासतो. पाणी भीतीचं आणि आसवांचं, ऊन लबाड हसण्याचं. रोपाचं झाड होतं, झाडाला एक चकचकीत सफरचंद लागतं, शत्रूला त्याचा मोह पडतो. रात्री तो चोरून बागेत शिरतो आणि सकाळी त्याच झाडाखाली आडवा झालेला दिसतो. बघणाऱ्याला आनंद होतो. संपली कविता.

“ए, सांग ना, सफरचंद कशाचं प्रतीक?”

गाइडात उत्तर आहेच. झाड म्हणजे दाबलेला राग, सफरचंद म्हणजे त्याचं फळ, बाग म्हणजे बायबलातली बाग. चार मार्कांत आरामात बसतं. तुम्ही तिला म्हणता, सफरचंद राहू दे, आपल्याकडे यासाठी एक शब्द आहे: अढी. कैऱ्या उतरवल्या की भाताच्या पावलीत दाबून ठेवतो ती अढी, आणि कुणाबद्दल मनात धरून ठेवतो तीही अढीच. दोन्हींची रीत एकच. अंधार हवा, ऊब हवी, वरचेवर उघडून बघायचं नाही, मग आतल्या आत पिकत राहतं.

“हे लिहिलं तर मार्क देतील?”

देणार नाहीत, असा तुमचा अंदाज आहे.

तेवढ्यात वारा फिरतो. कारखान्यांच्या बाजूने तो ओळखीचा वास येतो, आंबट, टोचरा, जिभेच्या मुळाशी धातूची चव आणणारा. शेजारच्या इमारतीत खिडक्या सरकल्याचे आवाज येतात, एक, दोन, पाच. तुम्हीही उठता, पण आज खिडकी लावू नका. उलट तोंड बाहेर काढा आणि छाती भरून घ्या. डोळ्यांतून पाणी येईल, येऊ द्या.

आता डोळे पुसा.

आम्लाचा वास तोच आहे, बाकी सगळं बदललं आहे. तुम्ही एका अरुंद घरातल्या खोलीत उभे आहात. लंडन, थेम्सच्या दक्षिणेला लॅम्बेथ. साल विचारू नका, पलीकडे फ्रान्समध्ये राजाचं डोकं नुकतंच उडालं आहे, एवढ्यावर भागवा. खिडकीतून दगडी कोळशाचा धूर येतो. नदीकाठच्या चिखलाचा वास सातपाटीच्या खाडीला ओहोटी लागल्यावर येतो तसा, फक्त बोंबील वजा. जवळपास व्हिनेगर करणारे आहेत, लाकडाच्या वखारी आहेत, घोड्यांची लीद तर सगळीकडेच आहे. मागच्या अंगणात द्राक्षाचा वेल मोकाट वाढला आहे, घरातला कर्ता माणूस त्याला कात्री लावू देत नाही.

तो माणूस समोरच बसला आहे. ठेंगणा, रुंद कपाळाचा, बाह्या वर केलेल्या. त्याच्यापुढे तळहातावर मावेल एवढा तांब्याचा पत्रा. त्यावर तो डांबरासारख्या काळ्या, चिकट द्रवाने अक्षरं काढतो आहे, आणि ती सगळी उलटी, आरशात दिसतात तशी. तुम्हाला हसू येतं, पण माणूस सराईत आहे. लिहून झालं की तो पत्र्याच्या कडेने मेणाचा बांध घालतो, आपण शेताला घालतो तसाच, आणि बाटलीतून आम्ल ओततो. पत्र्यावर बुडबुडे उठतात, तांबूस वाफ वर येते, तुमचा घसा चरचरतो. तो पिसाने हळूच बुडबुडे बाजूला करतो. जिथे काळं लिहिलं आहे तिथे आम्लाला शिरता येत नाही. उरलेलं तांबं ते खात जातं, आणि थोड्या वेळाने अक्षरं पत्र्यावर उंचवट्यासारखी उभी राहतात. त्यांना शाई लावायची, कागद ठेवायचा, लाकडी यंत्राच्या रुळाखालून काढायचा. रंग भरायला त्याची बायको कॅथरिन. लग्नाच्या नोंदवहीत तिने सहीऐवजी फुली मारली होती. लिहा-वाचायला तिला नवऱ्यानेच शिकवलं.

ओळखलंत ना, हा विल्यम ब्लेक. ज्याने आपलं घर असं आम्लाने भरून टाकलं आहे, त्याला गिळलेल्या रागावर कविता सुचली याचं मला तरी नवल वाटत नाही. टेबलावर पडलेल्या वहीत डोकावून बघा. याच कवितेला तिथे वेगळं नाव आहे, मराठीत आणायचं तर ‘ख्रिस्ती सहनशीलता’. टोमणा आहे तो. सोसा, पोटात घाला, वरून हसा, असं शिकवणाऱ्या सगळ्यांना मारलेला. छापताना त्याने ते नाव बदललं, आणि म्हणून आपली पोरं आज झाडाचं प्रतीक घोकतात. जुनं नाव राहिलं असतं तर गाइडवाल्यांची पंचाईत झाली असती.

आता खिडकीशी या. ब्लेकही उठून आला आहे. खाली शेजारच्या आवारात एक मुलगा पाय ओढत चालला आहे. त्याच्या पायाला लाकडाचा ओंडका बांधला आहे. लोढणं! आपल्याकडे गावभर उधळणाऱ्या गुराच्या गळ्यात अडकवतात ते. ब्लेक बायकोला विचारतो, हे काय? ती म्हणते, काहीतरी शिक्षा असावी. आवार फिलिप ॲस्टली नावाच्या बड्या असामीचं आहे, घोड्यांचे खेळ करून ज्याने सर्कस नावाचा धंदा जगात आणला तो. अशा माणसाच्या वाटेला कोण जातं? ब्लेक जातो. तो रागाने लालबुंद होऊन खाली उतरतो, आरडाओरडा करतो, इंग्लंडात कुणाला असं वागवायचं नसतं म्हणतो आणि मुलाला सोडवूनच परततो. तासाभराने ॲस्टली दारात हजर, माझ्या घरच्या गोष्टीत नाक खुपसणारा तू कोण म्हणून. दोघे एकमेकांच्या अंगावर धावून जातात. कॅथरिनच्या हातातला ब्रश थांबतो. तुम्ही भिंतीला चिकटून उभे. आणि मग थोड्या वेळाने, कसं कोण जाणे, आवाज खाली येतात, दोघे एकमेकांची माफी मागतात आणि ॲस्टली मित्र होऊन बाहेर पडतो.

ही हकीकत ब्लेकला ओळखणाऱ्या एकाने मागाहून लिहून ठेवली आहे. तिच्यात थोडं तिखटमीठ असेलही. पण माझं तिच्यावर एका कारणाने मन बसलं आहे. कवितेत दोनच वाटा आहेत, मित्राला राग सांगणं आणि शत्रूपासून लपवणं. तिसरी वाट कवितेत नाही. शत्रूच्याच तोंडावर, त्याच्याच दारात जाऊन राग सांगणं. कवीने ती खिडकी सोडून, खाली उतरून चालून दाखवली, पण पत्र्यावर काही लिहिली नाही.

ती बघायला आपल्याला आपल्या गावाकडे यावं लागेल. पुन्हा श्वास घ्या. आम्ल विरत चाललं आहे. त्याच्या जागी धूर येतो, ओल्या लाकडाचा, आणि धुरामागून शेण, नाचणी, भिजलेलं गवत.

तुम्ही जमिनीवर आडवे आहात. पाठीखाली सारवलेली भुई, गार. कारवीच्या कुडातून पहाट आत येते, बारीक पट्ट्यापट्ट्यांनी. बोईसरहून गाडीने निघालात तर वाणगाव, मग डहाणू रोड, आणि तिथून आत चालत चालत उंबरगावच्या अंगाला गेलात तर जो मुलूख लागतो, तिथला हा पाडा. तारापूरला अणुभट्टी यायला अजून वीस-पंचवीस वर्षं आहेत. जिल्हा ठाणे. अंगावर काय आहे बघू नका, एक लंगोटी आहे. तुम्ही वारली आहात, आणि नुसते वारली नाही, लग्नगडी आहात.

लग्नगडी म्हणजे काय ते तुमच्या भिंतीवरच आहे. तुमच्या लग्नात सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने तिथे चौक काढला होता, मधोमध पालघट देवी, भोवती झाडं, माणसं, तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती गोल धरून नाचणारे. त्या दिवशी भिंत गेरूने लाल आणि रेघा पांढऱ्याशुभ्र होत्या. आता चुलीच्या धुराने सगळं काळवंडलं आहे, नाचणारे तेवढे ओळखू येतात. लग्नासाठी शेटकडून पैसे घेतले होते. किती, ते तुम्हाला नीट आठवत नाही. आकडा शेटच्या चोपडीत आहे आणि चोपडी तुम्हाला वाचता येत नाही, त्यात तुमचा अंगठा आहे एवढं ठाऊक. पैसे फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचं, आणि ते फिटत नाहीत. तुमच्याबरोबर बायकोही राबते. तिच्याशी शेट आणि शेटची माणसं कशी वागतात ते तुम्हाला माहीत आहे, आणि तुम्हाला माहीत आहे हे तिला माहीत आहे. त्यावर घरात कोणी बोलत नाही.

लॅम्बेथच्या त्या पोराच्या पायातलं लोढणं निदान डोळ्यांना दिसत होतं.

बाहेर हाक येते. शेटचा माणूस आहे. काल रात्रभर पाऊस लागला, तुमच्या तुकड्यावरचा राब लावणीला आला आहे, पण आधी शेटची लावणी, मग तुमची. याला वेठ म्हणतात. वेठीला मजुरी नसते, कधी मूठभर भात, कधी तेही नाही. घाईघाईत नाचणीची आंबील पोटात ढकला. पातळ आहे, तळाशी भांड्याचाच वास. कोपऱ्यात बायको कालचे कंद चिरते आहे. पावसाळ्यात कणगी रिकामी होते तेव्हा रानातले हे कंद. कडू असतात आणि विषारीही. पातळ काप करायचे, उकळायचे, पाणी ओतून द्यायचं, मग टोपलीत घालून रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायचे. साचलेलं पाणी चालत नाही, धार लागते. तेव्हा कुठे विष उतरतं. एवढ्या खटाटोपाने पोटात जातं ते पिठूळ आणि बेचव, पण त्यावर माणूस तगतो.

शेटच्या शेतात गुडघाभर चिखल. कंबर वाकलेली, पाठीवर पावसाचा मार, पोटऱ्यांना जळवा. शेजारी दहा-पंधरा जण, सगळे गप्प. दुपारी शेट छत्री घेऊन बांधावर येतो. इथे तुम्हाला एक काम करायचं आहे, आणि भाचीला शिकवायला तुम्ही त्यासाठीच इथवर आला आहात. हसा. शेटकडे बघून नाही, त्याच्या पायांकडे बघून. ओठ थोडे ताणायचे, मान किंचित खाली, “होय शेट.” जबड्याच्या मागे कानाखाली एक गाठ आवळली जाते, तिच्याकडे लक्ष द्या. दिवसातून दहा वेळा आवळली की संध्याकाळी तिथे ठणकतं. तुमच्या बापाचाही जबडा तसाच होता. त्याने साप डूख धरतो त्याच्या गोष्टी तुम्हाला सांगितल्या, माणसाच्या कधी सांगितल्या नाहीत.

संध्याकाळी मजुरांना वाड्याच्या अंगणातून जावं लागतं. अंगणात आंब्याचं झाड आहे आणि आज त्याला एक जण बांधलेला आहे. वेठीला आला नाही म्हणून. फटके मोजू नका. सगळे बघत उभे आहेत, कारण बघायला लावलं आहे. खिडक्या आहेत, त्यांतून माणसंही बघताहेत. खाली कोणी उतरत नाही. ब्लेकने कल्पनेने काढलेलं झाड इथे खरोखरचं आहे, आणि त्याला रोज पाणी मिळतं.

पाऊस सरतो, गवत वाढतं, पुरुषभर. नवरात्राच्या सुमाराची उकाड्याची दुपार. विळा धरा, मुठीत गवत घ्या, खसकन ओढा. पात्याच्या कडा करवतीसारख्या, पोटऱ्यांवर रक्ताच्या बारीक रेघा उठतात, त्यांवर घाम झिरपला की झोंबतं. मात्र वास छान आहे, गोडसर, हिरवा, डोकं हलकं करणारा. इतका छान वास इतक्या वाईट कामाला का असावा, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही. हे गवत वाळवून, दाबून गठ्ठे बांधून वखारीत जातं, वखारीतून आगगाडीने मुंबईला, तिथल्या गोठ्या-तबेल्यांतल्या जनावरांसाठी. पालघरावरून जाताना गाडी शिट्टी देते. गवत मुंबई बघतं, तुम्ही नाही.

आता थोडी उडी मारू. जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. उंबरगावकडचे थोडे वारली तिथे गेले, त्यांत माह्या धांगडा होता. परक्या लोकांच्या गर्दीत त्याने वेठीची हकीकत सांगितली. ब्लेकच्या हिशेबाने इथे गोष्ट संपायला हवी होती, कारण राग मित्राला सांगितला की मिटतो. तसं झालं नाही. परत आलेल्यांनी पाड्यापाड्यात सांगितलं की एक बाई येणार आहे.

ती आली. गोदावरी परुळेकर, पुण्याच्या गोखल्यांची मुलगी, वकिलीची परीक्षा दिलेली, नवरा शामराव याच कामातला. पाड्यांतून चालत फिरली, कुडाच्या घरांत राहिली, आंबील प्याली. सुरुवातीला तुम्ही तिच्याशीही तसेच हसलात, पायांकडे बघून. तिला पुष्कळ दिवस खरं काही कळलं नसणार. मग कोणीतरी पाठीवरचे वळ दाखवले, आणि ओढ्याला पाणी सुटावं तशी माणसं बोलू लागली.

23 मे 1945, झरी गाव. सकाळपासून चालता आहात. करवंदाच्या जाळ्या वाटेवर झुकलेल्या, तोंड जांभळं झालं आहे. ऊन असं की दगडावर पाय टेकवत नाही. पुढे माणसं, मागे माणसं, बायकांच्या कडेला पोरं. पाच हजारांच्या आसपास वारली एका जागी. इतके वारली एकत्र तुम्ही लग्नातसुद्धा पाहिलेले नाहीत. घामाचा, आपट्याच्या पानाच्या विडीचा, धुळीचा वास. लाल फडकं काठीवर. एवढी गर्दी असून आवाज कमी, कारण गर्दीत बोलायची सवयच नाही.

मग ठरवलं जातं. वेठ करायची नाही. शेटच्या शेतात राबायचं तर रोजचे बारा आणे रोख. कोणी मारायला आला तर सगळ्यांनी मिळून उभं राहायचं. हात वर करा म्हणतात. तुमचा हात वर जातो. बघा, हात वर करण्याचीही सवय नाही, खांद्यात कळ येते. शेजारचा म्हातारा हात वर ठेवून रडतो आहे आणि खाली घ्यायचं विसरला आहे.

रात्री घरी परत. झोप लागत नाही. कोपऱ्यात पावलीच्या अढीत चार रानआंबे आहेत, त्यांचा वास घरभर दरवळतो.

पहाटे हाक येते. तुम्ही उठून दाराशी जाता. शेटचा माणूस अंगणात उभा, काठी टेकून. जबड्यामागची गाठ आवळली जाते, सवयीने. ओठ ताणायला लागतात, तेही सवयीने. त्यांना थांबवा. मान वर करा, त्याच्या तोंडाकडे बघा. त्याच्या डाव्या भुवईत एक वण आहे. एवढ्या वर्षांत तुम्हाला तो कधी दिसलाच नव्हता.

“नाय.”

एवढंच. दोन अक्षरं. तो पुन्हा विचारतो, कारण त्याला ऐकू आलेलं पटत नाही. शेजारच्या घरातूनही तेच ऐकू येतं, पलीकडच्या घरातूनही, एका म्हातारीच्या चिरक्या आवाजात तर दोनदा. माणूस काठी उचलून जातो. काही होत नाही. कोंबडा आरवतो. बायको अढीत हात घालून एक आंबा काढते, दाबून बघते आणि तुमच्यापुढे धरते. आंबट आहे, थोडा उतरलेला. विष वगैरे काही नाही.

थोड्याच दिवसांत त्या मुलुखातले लग्नगडी सुटू लागले. चोपडीतले आकडे तसेच राहिले, पण राबायला कोणी जाईना. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या डूख धरावा अशी कारणं होती, त्यांनी शेटांच्या गळ्याला नख लावलं नाही. काम नाकारलं. ब्लेकला हे दाखवायला मला फार आवडलं असतं. त्याच्या कवितेतला माणूस हसत राहतो आणि शत्रू मरतो. इथली माणसं हसायची थांबली आणि शत्रूला फक्त मजुरी द्यावी लागली. पुढे बाईंनी हे सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिलं. ते 1970 मध्ये आलं, दोन वर्षांनी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. भाचीच्या अभ्यासक्रमात ते नाही.

आणखी एक रात्र बघायची आहे. मन नसेल तरी चला.

ऑक्टोबर. गवत पुन्हा पुरुषभर वाढलं आहे आणि कापायला कोणी उतरलेलं नाही. मागणी साधी आहे, पाचशे रत्तल गवताला अडीच रुपये. मालक द्यायला तयार नाहीत. गवत उभ्याउभ्या पिवळं पडत चाललं आहे, त्याचा वास आता हिरवा नाही, कोरडा आहे. अशात अंधार पडताना निरोप येतो, बाई तलवाड्याला आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, या. निरोप खोटा आहे. बाई तिथे नाहीतच. पण ते तुम्हाला कळायला मार्ग नाही. हाताला लागेल ते घेऊन निघता, काठी, विळा, कुणी नुसतंच पळत. चारी बाजूंनी चुडी पेटत येताना दिसतात, डोंगरावरून, ओढ्यातून. 30 हजार माणसं जमली असं नंतर सांगतात. तुम्हाला आपल्या आजूबाजूची पन्नास दिसतात आणि बाकीच्यांचा श्वास ऐकू येतो.

सभा होणार म्हणून तुम्ही खाली बसता. गवत बोचतं. दव पडू लागलं आहे. मग बंदुकांचा आवाज होतो, कोरडा, बांबू फुटल्यासारखा. फटाक्याच्या दारूचा वास. पळून जावंसं वाटतं, कोणी पळत नाही. बाई येईपर्यंत हलायचं नाही असं सगळ्यांच्या मनात आहे. गोळीबार थांबतो, पुन्हा सुरू होतो, उजाडल्यावरही होतो. तुमच्या पुढच्या रांगेतला एक जण बसल्या जागी कलंडतो. झेंडा धरलेला हात बदलतो.

पुरे. नाक दाबा. या वेळी खरंच दाबा.

बोईसर. रात्रीचे पावणेअकरा. एवढ्यात पंधरा मिनिटंच गेली आहेत. वारा पुन्हा फिरला आहे, शेजारच्या खिडक्या उघडल्यासारख्या वाटतात. शेवटची डहाणू लोकल अजून यायची आहे. तुमच्या पोटऱ्या उगाच झोंबताहेत.

भाची पुस्तकावर गाल टेकून पेंगते आहे. तुमची चाहूल लागून डोळे किलकिले करते. पानावर ब्लेकने काढलेलं मूळ चित्र छापलं आहे, उघड्या फांद्यांचं झाड आणि खाली हात पसरून पडलेला माणूस.

“झाडाखाली शत्रूच मरतो ना?” ती विचारते.

कवितेत तसंच आहे, तिला सांगा. पेपरात तेच लिहू दे. तलवाड्याला पाच जण मेले. पाचही वारली होते. त्यांच्यातल्या एकाचं नाव जेठ्या गांगड.